बेडूकउड्यांनंतर मांड्या का भरतात?

आमच्या पंचवटीतल्या इमारतीला लिफ्ट नाही. मे महिन्यात माझी भाची पोलीस भरतीच्या तयारीसाठी कळवणहून माझ्याकडे राहायला आली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती जिना उतरताना दिसली आणि माझ्या पोटात धस्स झालं. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, तोंड भिंतीकडे, आणि आडवी होऊन एकेक पायरी उतरत होती. पाय खालच्या पायरीवर टेकला की वरची मांडी थरथरायची. विचारलं तर म्हणाली, "आत्या, चढताना काही नाही गं. उतरतानाच जीव जातो."

झालं होतं असं, की मैदानावर पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या सरांनी नव्या पोरापोरींकडून शंभर बेडूकउड्या काढून घेतल्या होत्या. टणक जमिनीवर, न थांबता. त्या दिवशी ती हसतखेळत घरी आली, भाकरी-पिठलं पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या. तिसऱ्या दिवशी कमोडवरून उठायलाही हाताचा आधार लागायला लागला.

मी पंचवीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. हे दृश्य मला नवं नाही. पण तिच्या त्या एका वाक्यात, चढताना नाही आणि उतरताना दुखतं, सगळा विषय आहे. तो नीट उलगडून सांगायचा म्हणून हे लिहितेय. भरतीची तयारी करणारी कितीतरी मुलं पहिल्या आठवड्यातच "हे आपल्याला झेपणार नाही" म्हणून मैदान सोडतात. त्यांच्यात काही कमी नसतं. सुरुवात चुकलेली असते, एवढंच.

आपल्याकडे म्हणतात, "अंग आंबलं." दही आंबतं, इडलीचं पीठ आंबतं, तसं अंग आंबतं. शब्द इतका चपखल बसतो, की शाळेत लॅक्टिक ॲसिडचा धडा झाला की मुलांना लगेच पटतं: स्नायूंत आम्ल साठलं, म्हणून दुखतंय. मीही बरीच वर्षं मुलांना हेच सांगितलं. पण वेळेचा हिशेब जुळत नाही. जोरात धावल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रक्तातलं रूप, तासा-दीड तासात पुन्हा जागेवर येतं. हे दुखणं सुरू होतं १२ ते २४ तासांनी, आणि सगळ्यात जास्त असतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. १९८३ मध्ये हे ट्रेडमिलवर तपासून झालं आहे. पाऊण तास सपाटीवर धावल्यावर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. तेवढाच वेळ उतारावर धावल्यावर लॅक्टेट वाढलं नाही, आणि दोन दिवसांनी पाय चांगलेच दुखले. आम्ल बिचारं निर्दोष आहे. त्याही आधी, १९०२ मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हटलं होतं, की असं उशिरा येणारं दुखणं हे स्नायूच्या आत कुठेतरी बारीक फाटल्याचं लक्षण असावं. त्याचा अंदाज बराचसा बरोबर निघाला.

मग फाटतं काय, आणि उतरतानाच का?

विहिरीतून पाणी शेंदताना दोर आपल्याकडे ओढतो तेव्हा दंडाचा स्नायू आखडत, म्हणजे लांबीला कमी होत काम करतो. आता उलट करून बघा. भरलेली कळशी दोराने हळूहळू खाली सोडायची आहे. दोर हातातून सुटू द्यायचा नाही, पण सोडत तर राहायचं. इथेही स्नायू जोर लावतोच, मात्र जोर लावतानाच तो ताणला जात असतो. धरायचं आणि त्याच वेळी सोडायचं, असं दुहेरी काम.

बेडूकउडीत वर जाणं हे शेंदणं आहे. जमिनीवर येणं हे कळशी खाली सोडणं आहे. पाय टेकले की गुडघे वाकत जातात, मांडीचा पुढचा मोठा स्नायू लांबत जातो, आणि लांबता लांबताच तो शरीराचा वेग थोपवतो. तो थोपवला नाही तर आपण जमिनीवर कोसळू. साठ सेंटिमीटर उंचीवरून उडी टाकली तरी टेकताना पायांवर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो. जिना उतरणं, गड उतरणं, उतारावर धावणं, उठाबशीतलं खाली बसणं, हे सगळं याच जातीचं काम. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढताना लोक धापा टाकतात, पण दोन दिवसांनी जे कण्हतात ते उतरल्यामुळे.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये १९५२ साली अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने त्या उलट्या फिरणाऱ्या पॅडलला पायांनी विरोध करायचा. जोर दोघांचा सारखाच. पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. रॉयल सोसायटीत हे करून दाखवलं तेव्हा लहानखुऱ्या ब्रेंडा बिगलँडने विरोध करता करता धिप्पाड रिचीला दमवून टाकलं. याचा अर्थ, थोपवण्याचं काम शरीराला स्वस्तात पडतं. तेवढाच भार पेलायला स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात. पण त्यामुळेच कामाला लागलेल्या प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. धाप लागत नाही, छाती भरून येत नाही, म्हणजे "आता पुरे" असं सांगणारी आतली घंटा वाजतच नाही. माझी भाची पहिल्या दिवशी हसत घरी आली ती त्यामुळेच.

उतरण्याचा पाय दुखतो आणि चढण्याचा नाही, हेसुद्धा सरळ करून बघितलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काही माणसांना एका स्टुलावर चढ-उतर करायला लावली. चढायचं नेहमी एकाच पायाने, उतरायचं नेहमी दुसऱ्याने. चढणारा पाय थकला, पण पुढे दुखला नाही. उतरणारा पाय दुखला. दोन्ही मांड्यांमधून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा रचना विस्कटलेली दिसली ती उतरणाऱ्याच पायात.

ही रचना डोळ्यांसमोर आणायला फुगडीइतका चांगला दाखला मला सापडलेला नाही. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे अतिशय छोट्या छोट्या खणांची माळ असते. एका खणाला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट. दहा सेंटिमीटरच्या एका तंतूत असे चाळीस हजारांवर खण एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक खणात दोन प्रकारचे धागे एकमेकांत शिरलेले असतात आणि ते एकमेकांना पकडून ओढतात. आता कल्पना करा, चाळीस हजार जोड्या एका ओळीत फुगडी धरून मागे रेलल्यात. मनगटाला मनगट भिडलेलं असेल तोवर पकड पक्की. पण सगळी ओळ दोन्ही टोकांकडून ताणली जाते तेव्हा सगळ्या जोड्या सारख्या ताणल्या जात नाहीत. जिची पकड मुळात जराशी सैल, ती आधी सरकते. तळव्यावरून बोटांवर, बोटांवरून टोकांवर, आणि मग सुटते. सुटलेल्या जोडीचा भार शेजारच्या जोड्यांवर जातो. उडी क्रमांक १० ला दोन जोड्या सुटल्या असतील, तर ८० पर्यंत त्यांची संख्या खूप झालेली असते. दोन खणांच्या मधली भिंत, जिला झेड-डिस्क म्हणतात, ती सरळ रेघेऐवजी नागमोडी, फिसकटलेली दिसायला लागते. तंतूच्या आवरणाला चिरा जातात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याने आतली प्रथिनं मोडणारी रसायनं जागी होतात.

एवढं होईपर्यंत दुखत नाही. ताकद मात्र त्याच दिवशी घटलेली असते. माझ्या भाचीची उडी त्या दिवशीच कमी पडली असणार, कुणी मोजली नाही इतकंच. दुखणं येतं ते साफसफाईच्या वेळी. तुटकं उचलायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, पाणी साठतं, किंचित सूज येते, आणि तिथल्या वेदनेच्या नसा इतक्या हळव्या होतात की साधं दाबणं किंवा ताणणंही दुखायला लागतं. हे सगळं उभं राहायला एक-दोन दिवस जातात. म्हणून हे दुखणं उशिरा येतं. याच काळात तंतूंतून क्रिएटिन कायनेज नावाचं द्रव्य रक्तात पाझरतं आणि तपासणीत त्याचा आकडा चढलेला दिसतो. तो कुणाचा थोडा चढतो, कुणाचा प्रचंड, आणि दुखण्याशी त्याचं प्रमाण जुळेलच असं नाही. खूप दुखलं म्हणजे खूप मोडलं, असा हिशेब मांडू नका. उलटंही खरं आहे. दुखणं पाच-सात दिवसांत थांबतं, ताकद कधीकधी त्याहून उशिरा परत येते.

"स्नायूंचं नुकसान" हे शब्द ऐकून आयांना धडकी भरते. पण हे मोडणं शरीर स्वतःच दुरुस्त करतं. तंतूंना चिकटून राहणाऱ्या राखीव पेशी जाग्या होतात आणि डागडुजी पुरी करतात. खरी जपायची गोष्ट वेगळीच आहे. या दिवसांत पाय कुठल्या कोनात आहे याची स्नायूला असणारी जाणीव थोडी चुकते. डोळे न लावता पायरी उतरताना पाय नेमका पडत नाही. तेव्हा कठडा धरण्यात काही कमीपणा नाही.

आता या सगळ्यातला सुंदर भाग.

तेवढ्याच उड्या दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारा. दुखणं पहिल्याच्या मानाने अगदी किरकोळ. ताकद लवकर परत येते, रक्तातलं क्रिएटिन कायनेज फारसं हलत नाही. एकदाच केलेल्या श्रमाने शरीराला चढलेलं हे कवच. जपानी संशोधक काझुनोरी नोसाका यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, बरंचसं दंडाच्या स्नायूवर. त्यांना दिसलं की हे कवच सहा महिन्यांपर्यंत टिकतं, हळूहळू झिजतं, आणि वर्षभराने जवळपास उरत नाही. त्याहून मला आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. कवच चढायला पहिल्यांदा आडवं पडेपर्यंत करावं लागत नाही. पूर्ण जोराच्या नुसत्या दोन किंवा सहा ताणांनीही काही प्रमाणात संरक्षण मिळतं. अगदी हलक्या, एक दशांश भाराने केलेल्या हालचालींनीही मिळतं, आणि त्या करताना दुखत जवळजवळ नाहीच. मात्र असं हलकं कवच लवकर विरतं, आठवड्या-दोन आठवड्यांत. म्हणून ते चढवत राहावं लागतं.

हे का घडतं, याचं उत्तर एकच नाही. मेंदू आणि नसा भार जास्त तंतूंमध्ये वाटून द्यायला शिकतात. तंतूंभोवतालचं जाळं चिवट होतं. दुसऱ्या वेळी साफसफाईची फौज कमी गोंधळ घालते. आणि तंतूच्या माळेत नवे खण जोडले जातात. १९९४ मध्ये उंदरांना उतारावर आणि चढावर धावायला लावून हे पाहिलं गेलं. उतारावर धावलेल्यांच्या मांडीच्या स्नायूत एकापुढे एक असलेले खण जास्त निघाले. फुगडीच्या ओळीत जोड्या वाढल्या की तेवढीच ओळ ताणताना प्रत्येक जोडीला कमी ताणावं लागतं. मनगटाची पकड बोटांवर येत नाही.

हे कवच मिळतं ते त्या त्या कामापुरतं. रोज सपाट रस्त्यावर धावणाऱ्यालाही उड्यांचं कवच नसतं. भाची रोज ८०० मीटरचा सराव करत होती, दम होता, पण मांडीला थोपवण्याची सवय नव्हती. याउलट पेठ-सुरगाण्याकडून आमच्या शाळेत आलेली मुलं मला आठवतात. टेकड्या चढत-उतरत शाळेला जाण्यात लहानपण गेलेलं. पांडवलेणीला सहल नेली की दुसऱ्या दिवशी शहरातली अर्धी मुलं पाय ओढत यायची आणि ही पोरं मधल्या सुट्टीत लंगडी खेळत असायची. त्या वेळी मी म्हणायचे, काटक आहेत. काटकपणा म्हणजे काय, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मंगळागौरीचंही हेच. बसफुगडी आणि कोंबडा म्हणजे उकिडवं बसून मारलेल्या उड्याच. बायका वर्षातून एकदा श्रावणात रात्रभर खेळतात. पुढचा श्रावण बारा महिन्यांनी. कवच तोवर झिजून गेलेलं. म्हणून दर वर्षी तेच दुखणं, तसंच, नव्याने. ब्रह्मगिरीची फेरी करून आल्यावर दोन दिवस अंथरूण धरणाऱ्यांचीही हीच गत.

भाचीसाठी मी काय केलं ते सांगते. पाच-सहा दिवस उड्या पूर्ण बंद, चालणं चालू. मग मैदानावर लांब उडीसाठी वाळूचा खड्डा आहे तिथे नेलं. २००४ मध्ये साठ सेंटिमीटरवरून शंभर उड्या, एकदा लाकडी जमिनीवर आणि एकदा वाळूत, अशी तुलना झाली आहे. वाळूत दुखणंही कमी, नुकसानही कमी. पहिल्या दिवशी पाच-पाचच्या दोन फेऱ्या, मधे निवांत थांबून. पाय टेकताना आवाज झाला नाही पाहिजे, ही एकच सूचना. धप्पकन आवाज आला की समजायचं, मांडीने थोपवलंच नाही, सगळा धक्का गुडघ्यांनी खाल्ला. चार-पाच दिवसांनी वीस, मग तीस, मग थोड्या टणक मातीवर. तिसऱ्या आठवड्यात साठ उड्या मारून ती घरी आली. दोन दिवसांनी जिन्यात मी मुद्दाम उभी राहिले. भराभर उतरून गेली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीच्या शंभर उड्यांनीही तिला कवच दिलं होतंच. फक्त त्यासाठी एक आठवडा गेला आणि रडू आलं, जे टाळता आलं असतं.

दुखायला लागल्यावर काय करावं, हे सगळे विचारतात, आणि तिथे देण्यासारखं फार नाही. हलकं चालल्याने तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. मालिशने थोडा आराम पडतो. पाय ताणण्याच्या व्यायामाने, आधी करा किंवा नंतर, या दुखण्यात फरक नगण्य. बर्फाच्या पाण्याने वेदना कमी होते, पण ताकद वाढवायची असेल तर रोजची सवय नको, शरीराला जे घडवायचंय त्यात ती आड येऊ शकते. आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा मैदानावर उतरणं मला अजिबात मान्य नाही.

त्याचं कारण पुढे आहे. क्वचित, पण खरोखर, हे नुकसान हद्दीबाहेर जातं. उन्हात, पाणी न पिता, सवय नसलेल्याने शेकडो उठाबशा किंवा बेडूकउड्या काढल्या तर इतके तंतू एकदम फुटतात, की त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या लोकांची मूत्रपिंडं अशीच निकामी होताना डॉक्टरांनी नोंदवली. दगडाखाली चिरडलेला स्नायू आणि अतिश्रमाने फुटलेला स्नायू, मूत्रपिंडाला दोन्ही सारखेच. खूण अगदी स्पष्ट आहे: लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, मांड्या टणक सुजतात, पाय उचलवत नाही. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, गोळी घ्यायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. वेळेत सलाईन लागली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

उशिरा आला म्हणून दोनशे उठाबशा, रांग मोडली म्हणून शंभर बेडूकउड्या. शिक्षा म्हणून हे देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मला हात जोडून सांगायचंय, की त्या आकड्यामागे काय आहे ते आधी समजून घ्या. मुलगा "नाही जमत" म्हणतो तेव्हा तो नाटक करत नसतो. मी स्वतः शिक्षिका होते, माझ्याकडूनही मुलांना उठाबशा दिल्या गेल्या आहेत, आणि आज ते आठवलं की वाईट वाटतं.

यंदा आषाढ लागल्यापासून आमच्या इमारतीतल्या बायका संध्याकाळी गच्चीवर जमत होत्या. भाची पुढे उभी राहून शिकवायची. पहिल्या दिवशी प्रत्येकीने चार कोंबडे, बस्स. नंतर सहा, आठ. पंधरवड्याने बसफुगडी. श्रावणात तळमजल्यावर मंगळागौर झाली, पहाटे तीनपर्यंत खेळ चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात वर्दळ नेहमीसारखीच होती. फक्त तिसऱ्या मजल्यावरची सून, जी खास त्या रात्रीसाठी पुण्याहून आली होती, पिशवी घेऊन मधल्या पायरीवर बसलेली. भाचीने तिच्यापुढे जाऊन खांदा दिला.

"वहिनी, चढताना पण दुखतं का हो?"

"चढताना नाही गं," ती म्हणाली, "उतरतानाच."